पहाटेचा अंकारा रेडिओ

27 मे 1960 च्या पहाटे अंकारा रेडिओवर कर्नल आल्पार्स्लान तुर्केश नावाच्या अधिकाऱ्याने एक निवेदन वाचून दाखवलं. भावाभावांत रक्त सांडू नये म्हणून सैन्याने कारभार हाती घेतला आहे, निःपक्षपाती निवडणुका लवकरात लवकर होतील, आणि नाटो व सेंटोशी आमची बांधिलकी कायम आहे, असा त्याचा मतलब. अदनान मेंदेरेस दहा वर्षं पंतप्रधान होते, लागोपाठ तीन निवडणुका जिंकलेले. त्यांना त्याच दिवशी कुताह्याजवळ धरलं.

मी पेशाने रेडिओवाला. मालवाहू बोटींवर रेडिओ ऑफिसर म्हणून नोकरी केली, कानाला हेडफोन आणि समोर मोर्सची किल्ली. आमच्या रेडिओ रूमच्या घड्याळावर तासातून दोनदा तीन-तीन मिनिटांचा तांबडा पट्टा असे. तेवढा वेळ कोणी बोलायचं नाही, संकटात सापडलेल्या बोटीची हाक येते का तेवढं ऐकायचं. असं ऐकत आयुष्य गेल्यामुळे देशोदेशीचा इतिहास मला डोळ्यांआधी कानाने कळत गेला. तुर्कस्तानचा तर कानानेच वाचावा असा आहे. सरकार पडलं की ते तिथे रेडिओवरून कळायचं, आणि धर्माचं काय चाललं आहे ते मिनारावरून.

तुर्कस्तानची ओढ मात्र बोटीवर चढण्याआधीची. आमचं घर दापोली तालुक्यातलं, कोकणी मुसलमानाचं. आजोबा तरुणपणी मुंबईला गोदीत होते आणि खिलाफत चळवळीला त्यांनी पगारातून पैसे दिले होते. चलनी नोटेसारखी दिसणारी त्याची पावती घरात होती म्हणे, मी पाहिली नाही. मुंबईचे शेठ छोटानी तेव्हा मध्यवर्ती खिलाफत समितीचे अध्यक्ष. हिंदुस्थानातून गेलेल्या त्या पैशांतला काही भाग मुस्तफा केमाल यांनी 1924 मध्ये निघालेल्या इश बँकेच्या भांडवलात घातला. खलिफाला वाचवायला काढलेली वर्गणी व्याजाचा धंदा करणाऱ्या बँकेत गेली, हे आजोबांना शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही ते बरंच झालं.

खिलाफत बुडवायला आमच्याकडच्यांचा हातभारही लागला, तोही नकळत. नोव्हेंबर 1923 मध्ये आगाखान आणि अमीर अली या दोघांनी लंडनहून पंतप्रधान इस्मेत पाशांना पत्र लिहिलं की खलिफाचा मान राखा. पत्र सरकारच्या हाती पडण्याआधी इस्तंबूलच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. दोघेही शिया, म्हणजे ज्या गादीची काळजी वाहत होते ती त्यांची नव्हेच. वर पत्र इंग्रजांच्या राजधानीतून आलेलं. अंकाऱ्याला आणखी काय हवं होतं? संपादकांवर खटले झाले, आणि तीन-चार महिन्यांत खलिफा आगगाडीत बसून देशाबाहेर गेला.

खिलाफत बुडाली तो दिवस 3 मार्च 1924. त्या दिवशी संसदेने तीन कायदे केले. खलिफाला हाकलणारा तेवढा सगळ्यांच्या लक्षात राहिला. माझ्या मते जास्त महत्त्वाचा 429 क्रमांकाचा. त्याने मंत्रिमंडळातून दोन खाती एकदम उडवली, एक शरियत आणि वक्फचं, दुसरं सरसेनापतीचं. धर्मही राजकारणाबाहेर आणि लष्करही. कागदावर दोघांना एकच न्याय. प्रत्यक्षात धर्मासाठी पंतप्रधानांच्या हाताखाली ‘दियानेत’ नावाचं खातं निघालं आणि इमाम, मुअज्जिन, मुफ्ती या यंत्रणेत आले. सरसेनापती मात्र कोणत्याच मंत्र्याला बांधील राहिला नाही. फेव्झी चाकमाक हे मार्शल त्या जागेवर 1944 पर्यंत बसून होते. एकाला दावणीला बांधलं, दुसऱ्याचं दावं सोडलं. पुढच्या शंभर वर्षांचं भांडण मला त्या एका कायद्यात दिसतं.

मग केमाल यांनी मिनाराला हात घातला. जानेवारी 1932 मध्ये इस्तंबूलच्या फातिह मशिदीतून तुर्की भाषेत बांग झाली. चारच दिवसांनी शब-ए-कद्रच्या रात्री आयासोफियात तुर्कीतून तकबीर घुमली आणि ती रेडिओवरून देशभर गेली. अल्लाहच्या जागी ‘तान्री’ आला. एक ‘फलाह’ शब्द तेवढा अरबी राहिला. खेड्यापाड्यांत लोकांनी हे मनापासून घेतलं नाही. बुर्सामध्ये 1933 साली गडबड झाली. पुढे 1941 मध्ये अरबी बांग देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद असा स्पष्ट कायदाच झाला. गंमत अशी की बांग बंद करावी असं सरकारच्या मनात कधी आलं नाही. पाच वेळा द्यायचीच, पण आम्ही सांगू तशी. धर्म आणि राज्य वेगळं करणं याला म्हणत असतील, तर पगारी मुअज्जिनाला शब्द लिहून देणाऱ्या सरकारला काय म्हणायचं?

फेब्रुवारी 1949 मध्ये तिजानी पंथाचे दोघेजण संसदेच्या प्रेक्षागॅलरीत उभे राहिले आणि त्यांनी अरबीत बांग दिली. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये मार्शल चाकमाक वारले. स्वतः धार्मिक वळणाचा, पाचवक्ती माणूस. त्या दिवशी रेडिओने नेहमीची गाणीबजावणी चालूच ठेवली म्हणून इस्तंबूलची पोरं चिडली, आणि मार्शलच्या जनाज्याला लोटलेल्या गर्दीतून अरबी तकबीर उठली. महिन्याभराने, 14 मे 1950 ला, केमाल यांच्या पक्षाची सत्तावीस वर्षांची सत्ता मतपेटीतून गेली. नव्या सरकारने 16 जूनला, रमजानच्या आदल्या दिवशी, अरबी बांगेवरची शिक्षा उठवली. पराभूत पक्षानेही विरोध केला नाही. कायद्याने तुर्की बांगेवर बंदी घातली नव्हती, पण ती दुसऱ्या दिवसापासून कुठे ऐकू आली नाही. अठरा वर्षं सरकारने पढवलेले शब्द एका रात्रीत विरले. पुढच्याच महिन्यात रेडिओवर कुराणपठण सुरू झालं.

मेंदेरेसना इस्लामपायी फासावर चढवलं असं आज तिकडे पुष्कळजण सांगतात. आरोप तसे नव्हते. खटले यास्सिआदा या मार्मराच्या समुद्रातल्या बेटावर चालले आणि रोज संध्याकाळी ‘यास्सिआदा तास’ म्हणून रेडिओवरून लोकांना ऐकवले गेले. पहिलंच प्रकरण एका कुत्र्याचं. अफगाणिस्तानच्या राजाने राष्ट्राध्यक्ष बायार यांना भेट दिलेला शिकारी कुत्रा प्राणिसंग्रहालयाला विकायला लावला, हा गुन्हा. मेंदेरेस यांच्या अनौरस बाळाचंही प्रकरण काढलं, त्यातून ते सुटले. अखेर शिक्षा झाली ती घटना मोडल्याची, फौजदारी कायद्याच्या 146 व्या कलमाखाली. परराष्ट्रमंत्री आणि अर्थमंत्री 16 सप्टेंबर 1961 ला फासावर गेले, मेंदेरेस दुसऱ्या दिवशी.

धर्माच्या बाबतीत या लष्करशहांनी काय केलं? बांग अरबीच ठेवली, तिला हात लावायची छाती झाली नाही. मेलेल्या माणसाला मात्र हात लावला. सईद नुर्सी हे कुर्द धर्मपंडित मार्च 1960 मध्ये उर्फा इथे वारले होते. जुलैमध्ये सैनिकांनी रातोरात कबर उघडली, प्रेत विमानात घातलं आणि अज्ञात जागी पुरलं. कबरीवर लोक जमू नयेत म्हणून. नुर्सींचे अनुयायी त्यामुळे कमी झाले नाहीत, उलट त्यांच्यातून पुढे कोण निघालं ते येईलच.

12 मार्च 1971 ला दुपारी एकच्या बातम्यांत सेनापतींचं पत्र वाचलं गेलं आणि पंतप्रधान देमिरेल टोपी उचलून घरी गेले. त्याबद्दल इतकंच. इस्लामी राजकारणाचे पुढारी एर्बाकान यांच्या पहिल्या पक्षाला तेव्हा न्यायालयाने टाळं लावलं आणि पुढल्या वर्षी तो दुसऱ्या नावाने उघडला. हा क्रम तिथे इतका नित्याचा झाला की पाट्या रंगवणाऱ्याचा धंदा बरा चालत असावा.

1980 चं प्रकरण मात्र सावकाश सांगायला हवं, कारण आपल्याकडे ‘तुर्की सैन्य म्हणजे सेक्युलॅरिझमचा पहारेकरी’ हे वाक्य कोणीही डोळे मिटून फेकतो. 12 सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास रेडिओवर राष्ट्रगीत लागलं आणि जनरल केनान एव्हरेन यांचं निवेदन आलं. सहाच दिवस आधी कोन्यात एर्बाकान यांच्या लोकांचा जेरुसलेमसाठी मोठा मेळावा झाला होता. राष्ट्रगीताला काहीजण उठले नाहीत. सेनापतींनी हे कारण पुढे केलं. खरी धास्ती वेगळी होती. गेली काही वर्षं डावे आणि उजवे रस्त्यात एकमेकांना गोळ्या घालत होते, माणसं रोज मरत होती. बंडानंतर साडेसहा लाख लोकांना पकडलं, पन्नासजणांना फाशी दिली. त्यांत एर्दाल एरेन नावाचा सतरा वर्षांचा पोरगाही होता.

डाव्यांना मुळापासून उपटायचं तर मोकळ्या जागी काहीतरी पेरायला हवं. ‘आयदिनलार ओजाउ’ नावाच्या उजव्या विचारवंतांच्या मंडळाने आधीपासून एक मिश्रण तयार ठेवलं होतं, तुर्कीपण आणि इस्लाम यांचं. जनरलसाहेबांना ते पसंत पडलं. एव्हरेन गावोगाव सभा घेत, गणवेशात किंवा सुटाबुटात, आणि भाषणात कुराणातल्या आयती सांगत. 1982 च्या घटनेत कलम 24 आलं. त्याने शाळेत धर्मशिक्षण सक्तीचं केलं. हे केमाल यांनी केलं नाही, मेंदेरेसनी केलं नाही, एर्बाकानना जमलं नाही. ते एका जनरलने केलं, केमाल यांच्या तसबिरीखाली बसून. त्याच सरकारने विद्यापीठांत मुलींच्या डोक्यावरच्या रुमालाला बंदी घातली. एका हाताने धडा, दुसऱ्या हाताने दंडुका. यात विसंगती नाही. धर्म हवा, पण बराकीतल्यासारखा, हुकुमावर उभा राहणारा आणि हुकुमावर बसणारा.

त्या शरद ऋतूत आमची बोट इस्केंदेरून बंदरात लागली होती. घटनेवर 7 नोव्हेंबरला मतदान. होकाराची चिठ्ठी पांढरी, नकाराची निळी, आणि पाकीट इतकं पातळ की आतला रंग बाहेरून दिसे. घटनेविरुद्ध प्रचार करायला बंदी. आमच्या एजंटाचा कारकून पंचविशीतला, बोलघेवडा. पण निळ्या रंगाचं नाव काढलं की आधी मागे वळून बघायचा. धक्क्यावर संगिनी लावलेले शिपाई, आणि पलीकडच्या मशिदीतून अरबी बांग, लाउडस्पीकरवर, ठणठणीत. कारकुनाला मी विचारलं, सैन्याचं राज्य असून हे कसं चालतं? तो म्हणाला, इमामसाहेबांचा पगार आणि शिपायांचा पगार एकाच तिजोरीतून येतो, न चालायला काय झालं? होकार 91 टक्क्यांहून जास्त पडला.

तिजोरी एकच होती असंही नाही. ‘जुम्हुरियेत’ या वर्तमानपत्राचे शोधपत्रकार उगुर मुमजू यांनी 1987 मध्ये उघड केलं की युरोपात पाठवलेल्या दियानेतच्या इमामांचे पगार 1982 ते 1984 या काळात सौदी अरेबियातली ‘राबिता’ ही संघटना देत होती. त्या हुकुमनाम्यावर खुद्द एव्हरेन यांची सही. धर्मनिरपेक्षतेचे पहारेकरी सौदी पैशावर इमाम ठेवत होते, कारण जर्मनीतल्या तुर्की कामगारांना डाव्यांपासून आणि मोकाट मौलवींपासून वाचवायचं होतं. मुमजू जानेवारी 1993 मध्ये स्वतःच्या मोटारीत बॉम्बने मारले गेले.

पेरलं ते उगवलं. सक्तीच्या तासाला बसलेली पोरं मतदार झाली, इमाम घडवणाऱ्या सरकारी ‘इमाम-हातिप’ शाळांतली मुलं वकील आणि महापौर झाली. 1996 मध्ये एर्बाकान पंतप्रधान झाले आणि लष्कर दचकलं. त्या सालच्या लष्करी मंडळाच्या बैठकीत याच एर्बाकाननी, नमाजी म्हणून ठपका ठेवलेल्या अधिकाऱ्यांच्या बडतर्फीवर सही केली. खुर्चीसाठी माणूस काय काय गिळतो! 1997 च्या फेब्रुवारीत अंकाऱ्याजवळच्या सिंजान गावातून रणगाडे फिरवले गेले आणि 28 तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत अठरा कलमांची यादी त्यांच्यापुढे ठेवली. जूनमध्ये ते गेले. या खेपेला रेडिओवर कोणी काही वाचलं नाही, गरजच पडली नाही. इमाम-हातिप शाळांचे खालचे वर्ग बंद झाले. पाच लाखांच्या घरातली विद्यार्थिसंख्या पाचसहा वर्षांत सत्तर हजारांच्या आसपास आली. कविता म्हटल्याबद्दल इस्तंबूलच्या माजी महापौराला दहा महिन्यांची शिक्षा झाली, त्याने चारेक महिने भोगली. त्याचं नाव रेजेप तय्यिप एर्दोआन. 1999 मध्ये निवडून आलेली मेर्वे कावाकची डोक्याला रुमाल बांधून सभागृहात आली तर तिला शपथही घेऊ दिली नाही.

आमच्या चिपळूणशेजारी मिरजोळी गाव आहे, हमीद दलवाईंचं. 18 एप्रिल 1966 ला सात बायकांना घेऊन त्यांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध. सात! हसणारे हसले. त्या काळात आणि नंतरही, भल्याभल्या सुधारकी मंडळींकडून ऐकलं आहे की मुसलमानांना एक केमालपाशा हवा. मला ते कधी पटलं नाही, आणि इस्केंदेरूनच्या धक्क्यावर उभा राहिल्यापासून तर मुळीच नाही. त्या सात बायका कोणाच्या हुकुमाने आल्या नव्हत्या. दुसऱ्या कोणाच्या हुकुमाने त्या परत फिरणंही शक्य नव्हतं. केमाल यांचं मोठेपण मी नाकारत नाही. बायकांना मत, एक विवाह, नवी लिपी, हे आमच्या घरातल्या मुलींनी शाळेत वाचलं आणि त्यांचे डोळे चमकले, मी पाहिलं आहे. पण त्यांच्या पश्चात ते सगळं ज्यांच्या हवाली झालं त्यांना बंदुकीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती.

बंदुकीची ती भाषाही पुढे बोथट झाली. 27 एप्रिल 2007 च्या मध्यरात्री लष्कराने इशारा दिला तो वेबसाइटवर. एव्हाना सत्तेवर असलेल्या एर्दोआन यांच्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराची बायको रुमाल बांधते, हे दुखणं. मतदारांनी जुलैत त्याच पक्षाला जवळपास 47 टक्के मतं दिली. मग उलटे वारे वाहिले. शेकडो अधिकारी बंडाच्या कटाखाली तुरुंगात गेले. ‘बाल्योज’ खटल्यात 2003 चे म्हणून दाखवलेले कागद कॅलिब्री टंकात होते, आणि तो टंक लोकांच्या संगणकावर आला 2007 च्या ऑफिसबरोबर. लबाडी करणाऱ्याने निदान तारखा तरी बघाव्यात. ही करामत पोलिस आणि न्यायखात्यात शिरलेल्या, फेतुल्ला गुलेन या धर्मोपदेशकाच्या माणसांची असं पुढे ठरलं. गुलेन घडले ते सईद नुर्सींच्या ग्रंथांवर, आणि एव्हरेन यांच्या बंडाचं त्यांनी स्वागत केलं होतं. खुद्द एव्हरेनना जून 2014 मध्ये जन्मठेप झाली. दुसऱ्या वर्षी, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, ते लष्करी इस्पितळात वारले.

शेवटचं निवेदन 15 जुलै 2016 च्या रात्रीचं. सरकारी टीव्हीच्या निवेदिकेला बंदुकीच्या धाकाखाली वाचायला लावलं. मी तेव्हा निवृत्त होऊन रत्नागिरीत होतो, मोबाइलवर बघत होतो. बंडखोरांनी स्वतःला ‘देशात शांतता परिषद’ असं नाव दिलं होतं, केमाल यांच्या प्रसिद्ध वचनातून उचललेलं. सरकारच्या मते ते गुलेनवादी. धार्मिक जमातीची माणसं केमाल यांचे शब्द घेऊन रणगाड्यावर! आणि सरकारच्या बाजूने कोण उठलं? दियानेतच्या प्रमुखांचा निरोप इमामांच्या फोनवर गेला आणि देशभरच्या ऐंशी हजारांहून अधिक मशिदींतून ‘सला’ सुरू झाली, जी एरवी मयतीला म्हणतात. लोक बाहेर आले, पुलावर रणगाड्यांपुढे उभे राहिले. अडीचशेच्या आसपास माणसं मेली. मौलवींना वेसण घालायला केमाल यांच्या सरकारने 1924 मध्ये जी यंत्रणा उभारली, तिनेच बराकीला हरवलं. फौजेकडे टीव्ही होता, रेडिओ होता. मिनार तिच्याकडे नव्हते.

त्यानंतर मिलिटरी शाळा बंद झाल्या. 2017 मध्ये सैन्यातल्या बायकांना रुमाल बांधायची मुभा मिळाली. 2018 मध्ये सरसेनापती संरक्षणमंत्र्याच्या हाताखाली आला आणि दियानेत थेट राष्ट्राध्यक्षांच्या. 30 ऑगस्ट 2024 ला अंकाऱ्याच्या लष्करी अकादमीचा दीक्षान्त समारंभ झाला. तो आटोपल्यावर तरुण लेफ्टनंटांनी आपापल्या तलवारी उंचावून, वगळलेली जुनी शपथ म्हटली आणि ‘आम्ही मुस्तफा केमालचे सैनिक’ अशी घोषणा दिली. पाच महिन्यांनी त्यांच्यातल्या पाचजणांना सैन्यातून काढून टाकलं. त्यांत अकादमीत पहिली आलेली मुलगी होती.